भाग्यश्री कुठे झोपणार?

गादीवाल्याकडे गाद्या दोन गेल्या होत्या, परत आली एकच.

आनंदी दुपारी लॅबमधून घरी आली तेव्हा ती एक गादी दारातच, चपलांच्या स्टँडला टेकून उभी होती. नवी खोळ, पिंजलेला कापूस, टम्म फुगलेली. तिच्या बाजूने आत शिरायचं म्हणजे अंग चोरावं लागत होतं. आनंदीने खांद्याने ढकलत तिला हॉलमध्ये आणलं, दिवाणावर आडवी केली आणि आधी पंखा लावला. मे महिन्यातल्या दुपारी सदाशिव पेठेतला दुसरा मजला म्हणजे तापलेला तवा. सकाळी सहापासून तिने लोकांच्या दंडाला पट्ट्या बांधून रक्त काढलं होतं, घाबरटांना धीर दिला होता, रिपोर्टसाठी घाई करणाऱ्यांना शांतपणे वेळ सांगितली होती. आता तिला फक्त ताक प्यायचं होतं. पण दुसरी गादी कुठे आहे हे कळल्याशिवाय ते गळ्याखाली उतरलं नसतं.

तिने गादीवाल्याला फोन लावला.

"ताई, दोन्ही तयार होत्या. एक तुमच्याकडं पाठवली, दुसरी साहेबांनी सांगितल्याप्रमाणं खडकीला."

"खडकीला कुठे?"

"क्वार्टरवर. टेम्पो पोचला असंल आता. साहेब तिथंच आहेत म्हणाले."

आनंदीने फोन ठेवला आणि ताकाचं भांडं परत फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

खडकीचं क्वार्टर सुदर्शनने सोडलं होतं. निदान तिची तशी समजूत होती. लग्नाआधी तो म्हणाला होता, "अर्ज देऊन टाकतो." त्यानंतर तो विषय निघाला नाही, आणि जो विषय निघत नाही तो संपलेला असतो असं ती धरून चालली होती.

सुदर्शन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. मूळचा उदगीरकडचा, पण निम्मं आयुष्य पुण्यात गेलेलं. पहिली बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुलगी भाग्यश्री तेव्हा दहावीत होती. आनंदीचा घटस्फोट त्याच्याही आधीचा. तिच्या मुलाचे वडील नाशिकला दुसऱ्या संसारात रमले होते. सुदर्शन रक्तातली साखर तपासायला तिच्या लॅबमध्ये यायचा. सुईकडे न बघता छताकडे बघत बसायचा आणि झालं की म्हणायचा, "तुमचा हात हलका आहे हो." साखर काही फार नव्हती, पण तो वरचेवर येत राहिला. गेल्या पावसाळ्यात दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आधी दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. मग हळूहळू 'तू' झालं. आनंदी मात्र रागावली की परत 'तुम्ही'वर यायची, आणि हे सुदर्शनला चांगलं ठाऊक होतं.

फ्लॅट आनंदीचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. दोन बेडरूम, एक हॉल, स्वयंपाकघर, आणि एकच बाथरूम. एक बेडरूम या दोघांची, दुसरी आनंदीच्या मुलाची, आमोदची. आमोद नागपूरला आर्किटेक्चर शिकत होता. भाग्यश्री सांगलीला इंजिनिअरिंगला. दिवाळीत ती आजीकडे उदगीरला गेली होती, म्हणून तो प्रश्न तेव्हा टळला. आता दोघांच्या परीक्षा एकाच आठवड्यात संपत होत्या आणि दोघं दीड-दोन महिने घरी असणार होती.

महिनाभर आनंदी विचारत होती, "भाग्यश्री कुठे झोपणार?"

आणि महिनाभर सुदर्शन सांगत होता, "होऊन जाईल की."

असं 'होऊन जाईल की' म्हणणाऱ्या माणसासोबत एका घरात राहणं काय असतं, हे आनंदीला लग्नानंतरच कळलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. आवाज चढवायचा नाही, जेवणाला नावं ठेवायचा नाही. पण तो घरात आला तो पत्र्याच्या पेट्या घेऊन. पाने, ड्रिल मशीन, वायरींची भेंडोळी, कुणाकुणाचे बंद पडलेले मिक्सर. बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेला की हमखास आणखी एक पिशवी घेऊन यायचा, "लागतं कधीतरी" म्हणत. पेट्या आधी गॅलरीत ठेवल्या. मग धुणं वाळत घालता येईना म्हणून आमोदच्या खोलीत गेल्या. जेवायच्या टेबलाचं निम्मं राज्य वर्तमानपत्र अंथरून उघडलेल्या मिक्सरांकडे. आनंदीने आपल्या ताटापुरती जागा पुसून घ्यायची आणि जेवायचं.

मागच्या रविवारी ती पदर खोचून उभी राहिली होती. "आज आमोदची खोली मोकळी करायचीच. पेट्या कुठे ठेवायच्यात ते सांग."

"बघू की."

"बघून झालंय माझं. खाटेखाली जागा नाही, माळ्यावर जागा नाही. मुलगा कुठे झोपणार, पेटीवर?"

सुदर्शनने एक पेटी उचलली, खोलीत इकडे-तिकडे बघितलं आणि ती दुसऱ्या पेटीवर ठेवली. "आता झाली की जागा," तो म्हणाला, आणि खरोखरच समाधानाने हात झटकले.

हॉलमधल्या दिवाणाभोवती लावायला तिने तुळशीबागेतून पडदा आणला होता. निळा, बारीक फुलांचा, मुलींना आवडेल असा. दांडी बसवायला सुदर्शननेच ड्रिल मारलं. दांडी सरळ बसली आहे का ते चार वेळा पाहिलं. पडदा लागल्यावर म्हणाला, "छान आहे." त्यापुढे एक शब्द नाही. आनंदीला वाटलं, चला, झालं एकदाचं. एक गादी दिवाणासाठी, एक आमोदच्या खाटेसाठी, म्हणून दोन्ही पिंजायला टाकल्या.

आणि आता त्यातली एक खडकीला होती.

तिने फोनवर भांडायचं नाही असं ठरवलं. फोनवर सुदर्शन 'हां, हां' म्हणत राहतो आणि बोलणाऱ्याचाच दम संपतो. तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गॉगल लावला, स्कूटर काढली. अलका चौक, डेक्कन, जंगली महाराज रस्ता. संचेती हॉस्पिटलपाशी सिग्नलला उन्हात उभी असताना मागच्या रिक्षावाल्याने विनाकारण हॉर्न वाजवला तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "उडून जाऊ का?" रिक्षावाला गप्प झाला. तेवढंच बरं वाटलं.

खडकीच्या वसाहतीत ती लग्नाआधी एकदाच आली होती. पिवळ्या भिंतींच्या एकसारख्या इमारती, कडुनिंबाची झाडं, सावलीत झोपलेली कुत्री. कुठली इमारत ते आठवेना. एका जिन्यापाशी पाण्याचा कॅन उचलणारे एक गृहस्थ दिसले. त्यांनीच तिला ओळखलं.

"वहिनी ना? मी वैजनाथ, सुदर्शनच्या खात्यातला. लग्नाच्या पेढ्याला आलो नव्हतो का!" त्यांचा चेहरा फुलला. "बरं झालं आलात. पोरगी कधी येतीय? आमच्या घरच्यांनी तिच्यासाठी कुरडया राखून ठेवल्यात. दोन महिने इथंच राहणार म्हणाला सुदर्शन, आम्हाला तेवढीच सोबत."

"हो का," आनंदी म्हणाली. "मलाही आत्ताच कळतंय."

वैजनाथांचं हसू थोडं अडखळलं. त्यांनी जिना दाखवला आणि कॅन घेऊन ते घाईने निघून गेले.

दार उघडंच होतं. सुदर्शन बनियन घालून, गुडघ्यांवर बसून कूलरच्या जाळ्या धूत होता. खोली झाडून पुसून लख्ख केलेली. खिडकीला धुतलेले पडदे. लोखंडी कॉटवर ती गादी, तिच्यावर नवी चादर. टेबलावर शाळेतल्या बक्षिसांचे कप रांगेने पुसून मांडलेले. आणि भिंतीवर एका बाईचा फोटो. साधा, लग्नातला असावा. बाई जरा लाजून, जरा कंटाळून बघत होती.

सुदर्शनने वर पाहिलं. हातातली जाळी तशीच राहिली.

"हे क्वार्टर सोडलं होतं ना तुम्ही?" आनंदीने विचारलं.

'तुम्ही' ऐकून तो उभा राहिला. "अर्ज लिहिला होता."

"आणि?"

"दिला नाही."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो."

"कधी? ती इथे राहायला आल्यावर? की परत सांगलीला गेल्यावर? घरी मी पडदे लावतेय, दिवाणाची मापं घेतेय, आणि तुम्ही माझ्याच घरातून गादी पळवून इथे नेऊन टाकताय!"

"पळवून नाही. गादी तिचीच आहे. इथूनच नेली होती आपण."

ते खरं होतं, आणि त्यामुळे आनंदीला जास्तच संताप आला. "गादीचं कौतुक मला सांगू नका. महिनाभर मी एकच प्रश्न विचारतेय. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, की मला हे पटत नाही?"

सुदर्शनने ओले हात बनियनला पुसले. नेहमीसारखा तो भिंतीकडे बघत राहिला. मग हळू बोलायला लागला. "कुठं झोपणार असं विचारत होतीस. पण हॉलमध्ये झोपणार हे ठरवूनच विचारत होतीस. तिला मी इथं एक खोली दिली होती, आनंदी. तिची आई गेली, मी दुसरं लग्न केलं, आणि आता सुट्टीत घरी आलेल्या पोरीला मी सांगू, की तू दिवाणावर पड? सकाळी तू पाच वाजता दिवा लावणार. आमोद येणार-जाणार. दूधवाला, पेपरवाला. वयात आलेलं लेकरू आहे ते."

"मग हे बोलायचं ना!"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, घर माझं आहे."

"मी असं कधी म्हटलंय? एकदा तरी?"

"नाही म्हटलं," सुदर्शन म्हणाला. "म्हणू नयेस म्हणूनच बोललो नाही."

न बोललेल्या वाक्यासाठी आनंदीला आधीच दोषी ठरवलं गेलं होतं. त्या वाक्याची भीती बाळगून हा माणूस महिनाभर 'होऊन जाईल की' म्हणत होता, ड्रिल मारत होता, दांडी सरळ बसली का ते बघत होता. ती कॉटच्या कडेला बसली. गादी मऊ होती. काम चांगलं केलं होतं गादीवाल्याने.

"तिला विचारलंत?" तिने शेवटी विचारलं.

"कुणाला?"

"भाग्यश्रीला. तिला इथे राहायचंय का, हे विचारलंत का?"

सुदर्शनने जाळी उचलून कूलरला टेकवली.

"तुम्ही कामावर जाणार, मी तिकडे. दिवसभर ती इथे एकटी बसणार. रात्रपाळी लागली की रात्रीही. तिला माहीत आहे का हे?"

"सरप्राइज म्हणून..." सुदर्शन म्हणाला, आणि स्वतःलाच ते कसं ऐकू आलं म्हणून थांबला.

आनंदीने स्वतःचा फोन काढला. भाग्यश्रीशी तिचं फार बोलणं व्हायचं नाही. वाढदिवस, निकाल, 'पोचलीस का' एवढंच. घंटा वाजत असताना तिचाही धीर थोडा सुटला. पण मुलीने फोन उचलला.

"काकू? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे गं. मी खडकीला आहे, तुमच्या क्वार्टरवर. बाबा इथेच समोर आहेत. मी फोन स्पीकरवर टाकलाय. एक सरळ विचारते, सरळ सांग. सुट्टीत तुला कुठे राहायचंय? इथे की सदाशिव पेठेत? बाबांनी इथे सगळी तयारी करून ठेवलीये."

पलीकडे मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता.

"बाबा ऐकतायत?"

"हो."

"बाबा, सॉरी," भाग्यश्री म्हणाली. "पण तिथे नको. आई गेल्यावर तुम्ही नाइटला गेलात ना, की मी लाइट बंदच करायचे नाही. बारावीचं पूर्ण वर्ष. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही आधीच टेन्शनमध्ये होतात. तिथे दोन-चार तास ठीक आहे. राहायला नको."

सुदर्शन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"मग पेठेत ये," आनंदी म्हणाली.

"हो, पण काकू..." मुलगी मेसच्या बाहेर आली असावी, ताटांचा आवाज मागे पडला. "बाबांनी पडद्याचा फोटो पाठवला होता. छान आहे पडदा. पण त्याला कडी नसते ना. हॉस्टेलच्या रूममध्ये आम्ही चौघी असतो, वर्षभर कपडेसुद्धा बाथरूममध्ये जाऊन बदलते मी. सुट्टीत तरी दार लावून बसता आलं तर... नाही जमलं तरी चालेल. मी आपलं सांगितलं."

"चालेल कशाला?" आनंदी म्हणाली. "जमवू."

फोन ठेवल्यावर सुदर्शन वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "लाइट चालू ठेवायची," तो म्हणाला. "मी बिल जास्त आलं म्हणून बोललो होतो तिला एकदा."

आनंदीला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. "गादी परत पाठवा," म्हणाली आणि जिना उतरली.

घरी आल्यावर खरं काम तिच्याच गळ्यात पडलं. दार लागणाऱ्या खोल्या दोनच होत्या. दोघांची खोली द्यायची म्हटलं तर तिला पहाटे कामावर जायचं असतं, तिची कपाटं तिथे, सुदर्शनची शिफ्टची उलटसुलट झोप तिथे. राहिली आमोदची.

तिने संध्याकाळी आमोदला फोन केला. आधी परीक्षेचं विचारलं, मग जेवणाचं, मग उन्हाचं. आमोद हुशार मुलगा. "आई, काय हवंय ते सांग ना," म्हणाला.

तिने सांगितलं.

"माझी रूम?"

"सुट्टीपुरती. तू हॉलमध्ये झोप. कूलर लावू."

"आई, आय मीन, सीरियसली? मी सहा महिन्यांनी येतोय. माझं ड्रॉइंग टेबल आहे तिथे. मॉडेल्स आहेत. त्यात काकांच्या पेट्या ऑलरेडी आहेत, त्यावर मी काही बोललो का? आता मीच बाहेर?"

"तिला दाराची गरज आहे रे. मुलगी आहे ती."

"बरोबर आहे. म्हणजे मला काहीच नको असतं, असंच ना?" तो थांबला. आनंदीला त्याच्या श्वासावरून कळलं की तो चिडण्यापलीकडे गेला आहे. "दे तिला. मी भांडत नाहीये. कॉलेजचं एक वर्कशॉप आहे, मी येत नाही म्हणून सांगितलं होतं. आता करतो. दोन-तीन आठवड्यांनी येतो. तोपर्यंत तुमचं काय ते सेट होऊ दे."

"आमोद, तसं नको करू. तू ये ना सरळ. मी..."

"बीपीची टॅब्लेट घेत जा वेळेवर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. दिवाळीपासून तिने या सुट्टीकडे डोळे लावले होते. आमोदसाठी कैरीचा तक्कू, साटोरी, आमरसाला पायरी सांगून ठेवलेली. त्यातले तीन आठवडे तिने स्वतःच्या हाताने देऊन टाकले होते.

सुदर्शन गादी घेऊन तेवढ्यात आला होता. दारात उभा राहून त्याने शेवटचं थोडं ऐकलं होतं. "काय म्हणाला?"

"उशिरा येतो म्हणाला. वर्कशॉप करतो."

सुदर्शनने गादी भिंतीला टेकवली. "बरं झालं की. सोय झाली."

हातातली ओगराळी आनंदीने ओट्यावर आपटली. आवाज एवढा झाला की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

"सोय? कुणाची सोय? तुमच्या मुलीला खोली मिळाली, तुमच्या पेट्यांना जागा आहे, तुमचं क्वार्टर शाबूत आहे. माझा मुलगा घरी येत नाहीये, सुदर्शन! तो रागावलाय. त्याला वाटतंय आईने त्याला बाहेर काढलं. आणि त्याला तसं वाटणार हे मला माहीत असून मी फोन केला. मी! तुम्ही नाही. तुम्ही जिना चढून आलात आणि म्हणताय, सोय झाली!"

सुदर्शन काहीतरी म्हणणार होता.

"होऊन जाईल म्हणू नका," आनंदी म्हणाली. "होऊन जात नाही काही. कुणीतरी करतं ते. प्रत्येक वेळी मीच करते."

टेबलावरचं वर्तमानपत्र सुदर्शनने चारी कोपऱ्यांनी गोळा केलं, आतल्या स्क्रूंसकट, उघड्या मिक्सरसकट, आणि उचललं. मग आमोदच्या खोलीत गेला. आनंदीने बघितलं नाही, पण पेट्या ओढल्याचा आवाज येत राहिला. तो एकेक पेटी खाली नेत होता. पुन्हा वर येताना धापा टाकत होता. एकदा त्याने स्वयंपाकघराच्या दारातून पाणी मागितलं. तिने पेला भरून ओट्याच्या कडेला ठेवला, हातात दिला नाही.

पेट्या खडकीला गेल्या. आनंदीला वाटलं, हे तो एक महिना आधी करू शकला असता. पण ते तिने बोलून दाखवलं नाही, कारण बोलायचा तिला कंटाळा आला होता.

भाग्यश्री सांगलीहून सकाळच्या गाडीने आली. दोन बॅगा आणि एक बादली, हॉस्टेलची. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, बादली ठेवू कुठे?" आनंदी म्हणाली, "आणलीस कशाला?" आणि मग दोघीही थोडं हसल्या. आमोदच्या खोलीत शिरून मुलीने दार लावलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. त्या दिवशी ती जेवायलाच बाहेर आली. पुढचे दोन दिवस तिने नुसते झोपून काढले. सुदर्शन येता-जाता त्या बंद दाराकडे बघायचा, टकटक करायला हात उचलायचा आणि खाली घ्यायचा.

क्वार्टरचं काय करायचं, हे आनंदीने भाग्यश्रीवर सोपवलं. "मला विचारू नका," ती सुदर्शनला म्हणाली. "त्या घराबद्दल मी बोलले तर वाईट दिसेल, आणि गप्प राहिले तर मला खरंच काही वाटत नाही असं तुम्ही धराल. तिला विचारा." मुलीने सांगितलं, आधी आईचं सामान आवरू, मग अर्ज द्या. एका रविवारी बाप-लेक खडकीला गेले. आनंदीला कुणी येतेस का म्हणून विचारलं नाही. तिला जायचंही नव्हतं. तरी विचारलं नाही हे तिच्या मनात दुपारभर टोचत राहिलं.

ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक सुटकेस होती आणि तो फोटो. भाग्यश्रीने तो खोलीतल्या टेबलावर ठेवला, आमोदने पुठ्ठ्याची केलेली एक इमारत बाजूला सरकवून. दुसऱ्या दिवशी केर काढताना आनंदी टेबलापाशी थांबली. त्या बाईचा राग यावा असं काहीच नव्हतं. या घरात जो-तो जागा मागत होता, तशी तीही एका टेबलापुरती मागत होती. आनंदीने इमारत आणखी थोडी सरकवली, म्हणजे फोटो पडणार नाही.

आमोद दोन-तीन आठवड्यांनी येतो म्हणाला होता, पण त्याच्या आधीच आला. न सांगता, नागपूरच्या गाडीने, पाठीवर सॅक आणि हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. सुदर्शननेच दार उघडलं. आनंदी आतून बघत होती. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. सुदर्शन म्हणाला, "ये. मी तुझ्या आईला न विचारता बरंच काही केलं. त्यात तुझी खोली गेली." आमोदने खांदे उडवले. "ओके काका," म्हणाला आणि सॅक दिवाणावर टाकली. एवढंच. पण त्या दिवशी सुदर्शनने स्वतःहून स्वतःची टेबलाजवळची खुर्ची त्याला दिली, आणि जेवायला मोरीच्या बाजूच्या स्टुलावर बसला.

मुलं एकमेकांशी बोलायला लागली ती भांडणातूनच. आमोद कूलर स्वतःकडे वळवायचा, ती येऊन परत फिरवायची. दोघांना एकाच वेळी बाथरूम लागायचं. आमोदला स्वतःच्या पट्ट्या-पेन्सिली घ्यायला खोलीत जायचं असायचं आणि कडी लावलेली असायची. "अगं, माझं घर आहे ते!" एकदा तो दाराबाहेरून ओरडला. आतून उत्तर आलं, "माहितीये. दोन मिनिटं थांब." सुदर्शनने आनंदीकडे पाहिलं. ते वाक्य अखेर बोललं गेलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, आणि काही कोसळलं नव्हतं.

तरी सोपं काहीच नव्हतं. चार माणसांचे टॉवेल गॅलरीत मावत नव्हते. आमोद दहा वाजेपर्यंत हॉलमध्ये हातपाय पसरून झोपायचा, त्यामुळे घरात कुणाला बसायला जागा नसायची. भाग्यश्रीला तिखट लागायचं, आमोदला गोडसर आमटी. सुदर्शनचा अर्ज कारखान्यात कुठल्यातरी टेबलावर अडकला होता. की अजून त्याच्या खिशातच होता, आनंदीने विचारणं सोडून दिलं होतं. तो एखाद्या दिवशी स्वतःहून सांगेल का, याची ती वाट बघत होती. त्या वाट बघण्याचाही तिला राग येत होता.

लॅबमध्ये दुपारी शेवटचा पेशंट गेला की हल्ली ती लगेच उठायची नाही. बाटल्या रांगेत लावायची, टेबल पुसायची, एसी बंद करायची आणि पेशंटच्याच खुर्चीत बसून राहायची. एक दिवस ती अशीच बसली होती. समोर पांढरी भिंत, बाहेर रस्त्यावर स्कूटरींची घरघर. फोन वाजला. भाग्यश्री होती.

"काकू, येताय ना? आमोद विचारतोय, पिठलं कुकरमध्ये करायचं की कढईत? त्याने कुकर चढवलाय. आणि बाबा दोघांनाही सांगतायत की त्यांना येतं, पण त्यांना येत नाही."

मागून आमोद आणि सुदर्शन एकदमच काहीतरी बोलत होते.

"गॅस बंद करा," आनंदी म्हणाली. "आणि कुणीही कशाला हात लावू नका. मी निघालेच."

तिने फोन पर्समध्ये टाकला. उठली मात्र आणखी थोड्या वेळाने.